थंडीचे तास

एप्रिलमध्ये भर दुपारी दीड वाजता आमच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ काळी छत्री उघडून उभे असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उन्हाला घाबरून छत्री घेतलेली दिसते. जवळ गेल्यावर कळतं की छत्री गृहस्थांच्या डोक्यावर नाहीच. हात लांब करून ती एका पसरट कुंडीवर धरलेली आहे. गृहस्थांचं टक्कल घासलेल्या तांब्यासारखं लकाकतंय आणि कुंडीतली चार पानं सावलीत ऐटीत उभी आहेत.

हे आमचे अण्णा, आणि ती चार पानं म्हणजे आयरिस.

"अण्णा, कुंडीच का नाही सावलीत सरकवत?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. सहकारनगरात तीस वर्षं राहिलेला माणूस असे प्रश्न विचारतो, याचं अण्णांना फार वाईट वाटलं. "सकाळचं सहा तास ऊन तिला लागतंच. त्याशिवाय फूल धरत नाही. दुपारचं मात्र सोसत नाही. आता रोज कुंडी इकडून तिकडे हलवली, तर मुळं दचकतात. मग हलायचं कुणी? आपण." एवढं बोलून त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "दहा मिनिटं धर. ताक पिऊन येतो."

ताक पिऊन, शब्दकोडं सोडवून आणि बहुधा एक डुलकी काढून अण्णा पाऊण तासानं वर आले. तोवर माझ्या चपला गच्चीला चिकटल्या होत्या. अण्णांनी माझ्याकडे न बघता वाकून पानं तपासली आणि म्हणाले, "छत्री थोडी पश्चिमेला कलती धरायला हवी होतीस."

अण्णांची चौतीस वर्षांची नोकरी हवामान खात्यात झाली. शिवाजीनगरच्या त्या कचेरीला अख्खं पुणं सिमला ऑफिस म्हणतं. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलं. नाव मात्र चौकाला चिकटलं ते चिकटलंच. काकू म्हणतात, "सिमल्याहून ऑफिस तेवढं आलं, थंडी यायची राहिली. ती आणायचं काम आपल्याकडे दिलंय, असं ह्यांना रिटायर झाल्यापासून वाटतंय."

खरं तर अण्णा हिशेब विभागात होते. ढगांशी त्यांचा संबंध आला तो ढग बघायला गेलेल्या माणसांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांपुरता. पण चौतीस वर्षं एखाद्या खात्याचा चहा प्यायला की खातं अंगात मुरतं. पाऊस चुकला की अण्णा अजूनही खासगीत ओशाळतात. कुणी अंदाजाची टिंगल केली की "तुम्ही अंदाज वाचता, शक्यता वाचत नाही," असं म्हणून त्याला गप्प करतात. आणि पुण्याच्या हवेबद्दल बोलताना त्यांचा सूर असा लागतो, जणू दहावीत दोनदा बसलेल्या पुतण्याची गोष्ट चालली आहे.

"हुशार आहे रे. मनावर घेत नाही. १७ जानेवारी १९३५. पुण्याचं किमान तापमान किती होतं, सांग."

मी सांगू शकत नाही, हे त्यांना माहीत असतं.

"एक पूर्णांक सात! पॉइंट सात सोडलास तर एक अंश. पुण्यात! म्हणजे क्षमता आहे. करत नाही, एवढंच."

त्याच पुतण्यानं ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश करून दाखवले होते. त्याचा उल्लेख अण्णा टाळतात. घरातल्या मुलाच्या वाईट मार्कांची चर्चा बाहेर कशाला? मात्र दर वर्षी १६ जानेवारीच्या रात्री ते कानटोपी घालून, थर्मामीटर घेऊन गच्चीवर बसतात. न जाणो, शहराला आठवण झाली तर. पहाटे पारा अकरावर थांबतो. अण्णा खाली येतात आणि वहीत लिहितात: "थंडीचे तास: ०."

हे थंडीचे तास म्हणजे काय, ते आमच्या इमारतीत आता मोलकरणींनाही ठाऊक आहे. सफरचंदासारखी थंड मुलखातली झाडं हिवाळ्यात झोपतात, आणि सात अंशांच्या खाली पुरेसे तास मोजून झाल्याशिवाय उठत नाहीत. आयरिसचंही तसंच. सात अंशांचा एकेक तास तिच्या खात्यावर जमा होत जातो, आणि शिल्लक पुरेशी झाली की वसंतात फूल वटतं. हिशेब विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला हे झाड का आवडलं असेल, ते या एका गोष्टीवरून कळावं.

भेट झाली ती मात्र हिशेबाबाहेरची. सहा वर्षांपूर्वी अण्णा-काकू काश्मीरला गेले होते. श्रीनगरमध्ये सगळी मंडळी शिकाऱ्याच्या भावावरून घासाघीस करत असताना अण्णा एका जुन्या कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभे राहिले. काश्मिरात कबरींवर आयरिस लावायची चाल आहे. पांढरे, जांभळे, तलवारीसारख्या पानांतून वर आलेले, तीन पाकळ्या वर आणि तीन खाली, खालच्या पाकळ्यांवर मऊ केसांची रेघ. अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या एका लोकरी मोज्यात पाच कंद होते. कबरीवरचे नव्हेत, एका माळ्यानं पैसे मोजून घेऊन दिले होते. दुसरा मोजा काकूंनी विमानात नाकाला धरला होता, कारण पहिल्यातून मातीचा वास येत होता.

घरी आल्यावर पहिलं भांडण लिंगावरून झालं. मी "तो आयरिस" म्हटलं. अण्णांनी दुरुस्त केलं: आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता, म्हणून ती. शिवाय ही 'बिअर्डेड' आयरिस, म्हणजे दाढीवाली. खालच्या पाकळीवरच्या केसांना दाढी म्हणतात.

"देवी, आणि दाढीवाली?" काकू म्हणाल्या.

तेव्हापासून घरात आयरिसचं नाव 'ह्यांची दाढीवाली' असं पडलं. "ह्यांच्या दाढीवालीला रात्री बर्फ लागतो, मला सरबतात घालायला दोन खडे उरत नाहीत." "आज गुरुवार, पाणी बंद. आंघोळी अर्ध्या बादलीत. दाढीवालीची झाली असेलच!" या वाक्यांतून चाळीस वर्षांचा संसार ऐकू येतो. सवतीचा जाच असा गच्चीवरून जिना उतरून येईल, हे काकूंच्या आईनं लग्नात सांगितलं नव्हतं.

दाढीवालीची लावणीही आडमुठी. इतर कंद मातीत पुरतात. हिचा कंद अर्धा उघडा ठेवायचा, म्हैस डबक्यात पाठ वर काढून बसते तसा. त्या पाठीवर ऊन पडायला हवं. आमचे सेक्रेटरी एकदा सहज वर आले, त्यांना वाटलं माती वाहून गेली. भला माणूस, त्यांनी दोन्ही हातांनी माती ओढून कंद झाकले. अण्णांनी पुढे महिनाभर त्यांना जिन्यात ओळख दिली नाही.

तिसऱ्या वर्षी अण्णांनी पुण्याचा नाद सोडला आणि फ्रीजचा धरला. शहर थंडी देत नाही ना, मग आपण देऊ. नोव्हेंबरात कंद उपटून, झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या खणात ठेवले. खणावर चिठ्ठी: "तापमान ५. उघडू नये." कोथिंबीर, कढीपत्ता आणि मिरच्या बेघर झाल्या. त्यानंतर फळांवर संक्रांत आली. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. केळी आणि सफरचंदं पिकवणारा हाच वायू बंद खणात साठला की कंदातली कळी आतल्या आत मरते. ही गोष्ट खरी आहे. तिचा परिणाम असा झाला की अण्णांच्या घरची सगळी फळं दोन महिने माझ्या फ्रीजमध्ये राहायला आली. रोज सकाळी सात वाजता अण्णा सफरचंद न्यायला यायचे आणि आमच्या घरी काय शिजलंय ते फ्रीजवरून ओळखून जायचे.

पोळ्या करणाऱ्या मावशींनी ती चिठ्ठी वाचली नाही. त्यांना खणात गुंडाळलेलं आलं दिसलं. त्यांनी एक पेर ठेचून चहात टाकलं. नशीब काकूंचं नाक तिखट. त्यांनी कप तोंडाशी नेला आणि तसाच मोरीत ओतला. आरडाओरडा ऐकून अण्णा आले. चहा कुणी प्यायला का, कुणाला काही होतंय का, असं एक अक्षर न विचारता ते म्हणाले, "कुठलं पेर होतं? डोळा असलेलं?"

डोळा असलेलंच होतं. अण्णांनी त्या दिवशी जेवण टाकलं. संध्याकाळी पुस्तकात बघून त्यांनी शांतपणे माहिती दिली की हा कंद पोटात गेला तर उलट्या होतात. मात्र हाच कंद वाळवून काही वर्षं मुरवला, तर त्याला व्हायलेटच्या फुलांचा सुगंध येतो आणि परदेशात त्याचं अत्तरात चांगलं मोल आहे.

"काही वर्षं? माझ्या फ्रीजमध्ये?" काकूंनी विचारलं.

अण्णांच्या गच्चीवर इतर झाडं नाहीत असं नाही. ढीग आहेत. पण अण्णांनी वनस्पतिसृष्टीची विभागणी फार सोपी करून टाकली आहे: काही झाडं इथे येतात, आणि काही लावण्यासारखी असतात. सदाफुली उन्हात वर्षभर हसत असते. "ते काय, कुठंही येतं." बोगनवेलीला पाणी कमी पडलं तर उलट जास्त बहरते. "ते काय, कुठंही येतं." कण्हेर, कोरफड, अडेनियम, मोगरा, जास्वंद, सगळ्यांना तोच शेरा. ऑफिस टाईमची फुलं सकाळी दहाला उघडतात आणि ऊन उतरू लागलं की मिटतात. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला निदान त्यांची तरी कदर वाटायला हवी होती. "कुठंही येतं. आणि वेळेआधी जातं."

ज्याला पुण्यात यायचंच नाही, त्यालाच आग्रहानं बोलावणारी माणसं असतात. लग्नात ती पंगतीला बसलेल्यांना वाढत नाहीत. रुसून बाहेर उभ्या असलेल्या आत्येमामांना आणायला धावतात. अण्णा त्यांतले.

गंमत अशी की आयरिससाठी अण्णांनी उन्हाळ्याचा जो अभ्यास केला, त्यानं आमच्या सोसायटीचं कल्याण झालं. मार्च उजाडला की लोक वहीपेन घेऊन येतात. कुंड्या सुट्या सुट्या ठेवू नका, घोळक्यानं ठेवा. एकमेकींची सावली आणि ओलावा एकमेकींना मिळतो. मोठी झाडं पश्चिमेला, लहान त्यांच्या आडोशाला. गच्चीची फरशी संध्याकाळी सातपर्यंत तव्यासारखी असते, म्हणून कुंडीखाली विटा हव्यात. कुंडीला बाहेरून चुना द्या, ऊन परतवतो. एका कुंडीत दुसरी ठेवून मधल्या फटीत वाळू भरा आणि ती ओली ठेवा. पाणी पहाटे सहाच्या आत, खालच्या भोकातून येईपर्यंत. दुपारी झाड मान टाकतं ते दर वेळी तहानेनं नव्हे, आधी बोट मातीत घालून बघा. वरून वाळक्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन. गावाला जाणार असाल तर बिनझिलईचं, पाझरतं मडकं कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, तोंड झाका. मुळं आपापली जाऊन पितात. एसीचं पाणी घाला, आरओनं फेकलेलं रोज घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात.

चेअरमनांच्या मोगऱ्याला त्या वर्षी ओंजळ भरून फुलं आली. सेक्रेटरींचा कढीपत्ता, जो पाच वर्षं काडीसारखा उभा होता, तो कापून वाटायची वेळ आली. शेजारच्या दोन इमारतींतून लोक अण्णांना विचारायला येऊ लागले. अण्णा सगळ्यांना सगळं समजावून सांगत आणि शेवटी उसासा टाकत, "तुमचं काय, ते कुठंही येतं."

आणि एवढ्या उपायांनी आयरिसचं काय झालं? काही नाही. कारण उन्हाशी तिचं भांडणच नव्हतं.

हे आम्हाला पहिल्याच जूनमध्ये कळलं. एप्रिल-मे अण्णांनी छत्रीखाली काढला, पाचही कंद जिवंत राहिले, अण्णांनी सोसायटीला पेढे वाटले. मृग लागला. आठ दिवस चांगला पाऊस झाला. नवव्या दिवशी अण्णांनी एक पान सहज चिमटीत धरलं आणि ते मुळापासून हातात आलं. खालचा कंद बोटानं दाबला तर शिळ्या श्रीखंडासारखा. वास असा की कबूतरंही गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पाचांतले तीन गेले.

अण्णांनी मग पुस्तकं काढली, आणि एका रात्रीत त्यांना कळलं की दोन महिने त्यांनी छत्री चुकीच्या शत्रूवर उगारली होती. दाढीवालीच्या मुलखात पाऊस आणि बर्फ हिवाळ्या-वसंतात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. फुलून झालं की ती उन्हाळाभर कोरड्या मातीत पाठ शेकत पडते. हीच तिची वामकुक्षी. पुण्याचं पंचांग बरोबर उलटं: हिवाळा कोरडा, आणि वर्षाच्या पावसातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे ती झोपायला जाते, नेमक्या त्याच वेळी आपण तिच्या अंथरुणावर चार महिने पाणी ओततो. तेही कोमट हवेत. कुजणार नाही तर काय?

दुसरा कुणी असता तर त्यानं हात जोडले असते. अण्णांना आनंद झाला. "म्हणजे पुण्याचा उन्हाळा निर्दोष आहे!" पुतण्यावरचा एक आरोप तरी मागे घेता आला. त्यांनी माती बदलली, निम्मी वाळू आणि बारीक खडी घातली. कुंड्या विटांच्या तीन थरांवर चढवल्या, वर प्लॅस्टिकचं छप्पर केलं. आडवा पाऊस आला की मात्र छपराचा उपयोग नाही. मग जुलैच्या संध्याकाळी अण्णा रेनकोट न घालता गच्चीवर उभे, छत्री कुंडीवर. छत्री तीच. ऋतू तेवढा बदलला.

या सगळ्यात माझा दोष एवढाच की आयरिसच्या कुंड्यांखालची खोली माझी आहे. अण्णांच्या डोक्यावर पाण्याची टाकी येते, म्हणून चांगलं ऊन माझ्या डोक्यावर पडतं. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या पलंगावर छताला ओल धरली. आधी ती श्रीलंकेएवढी होती, दिवाळीपर्यंत दख्खनचं पठार झाली. सर्वसाधारण सभेत विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, कुंड्या काढाव्यात. अण्णांनी शांतपणे विचारलं, "तुमचा कढीपत्ता कसा आहे?" चेअरमनांनी मोगऱ्याला स्मरून मौन पाळलं. शेवटी ठराव झाला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग सर्वांच्या वर्गणीतून करावं आणि वनस्पतींना धक्का लावू नये. विरोधात एकच मत पडलं. माझं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे अण्णा न चुकता जातात. १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची ती बाग. तिच्या वडांखाली शेवंती, गुलाब, डेलिया आणि बोन्साय मांडलेले. लोक फोटो काढत असतात. अण्णा सरळ ग्लॅडिओलससमोर जाऊन हात मागे बांधून उभे राहतात. मला दर वर्षी तीच माहिती मिळते. "हा आयरिसच्याच कुळातला. केशरही त्यातलंच. ग्लॅडिओलस म्हणजे आयरिसचा भाचा म्हण. भाचा इथे मजेत राहतो, मार्केट यार्डात जुड्यांनी विकला जातो. मावशीला मात्र पुणं मानवत नाही."

"मग भाचाच लावा की घरी."

"ते काय, कुठंही येतं."

अशी सहा वर्षं गेली. पाच कंदांतला एक टिकला, त्याचे दोन झाले, त्यांतला एक मावशींच्या चहात गेला. उरलेल्यानं पानं काढली, पंख्यासारखी, निळसर हिरवी, देखणी. फूल नाही. थंडीचे तास शून्य. फ्रीजचे तास अण्णा वेगळ्या रकान्यात लिहीत. पण फ्रीजवर संपूर्ण विश्वास टाकायला त्यांचं हिशेबी मन तयार नव्हतं, कारण वीज गेलेले तास वजा करावे लागत आणि काकूंनी दार किती वेळा उघडलं याचं व्हाउचर मिळत नसे.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं. काकू दोरीवर कपडे घालत होत्या. अण्णा प्लॅस्टिकच्या छपराखाली उकिडवे बसून एक पान भिंगातून तपासत होते. चेअरमनांची नात मोबाइल घेऊन वर आली. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि दिसेल त्या गवताचा फोटो काढते. ती टाकीच्या कडेला गेली आणि तिथूनच ओरडली, "अण्णाआजोबा, तुमची आयरिस काय मस्त फुललीय!"

अण्णा इतक्या झटक्यात उठले की छप्पर डोक्याला लागून वर उचललं गेलं. "कुठे?"

ती टाकीशेजारच्या डालड्याच्या डब्याकडे बोट दाखवत होती.

तो डबा म्हणजे काकूंचा माहेराहून आलेला शेवटचा ऐवज. वाईहून चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी रोप दिलं, ते तीनदा घर बदलून या गच्चीवर आलं. काकू त्याला 'ठिपक्यांची' म्हणतात. हातपंख्यासारखी उलगडलेली पानं, पावसाळ्यात वर येणारा दांडा, त्यावर नारिंगी फुलं आणि फुलांवर लाल ठिपके, कुणी कुंकवाची बोटं झटकावीत तसे. फूल एकच दिवस टिकतं. संध्याकाळी पाकळ्या पीळ घालून अशा मिटतात की धुणं पिळलंय असं वाटावं. पुढे बोंड फुटून आत काळ्या, चकचकीत बियांचा घोस दिसतो. डब्याला पश्चिमेचं सबंध ऊन आणि चार महिने पाऊस. त्याच्यावर कधी छत्री धरली गेली नव्हती. अण्णांनी त्याच्याकडे चाळीस वर्षांत एकदाच पाहिलं असेल, तेव्हा काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

"हिचं नाव पूर्वी बेलमकांडा होतं," नात सांगत होती. "पण डीएनए तपासल्यावर कळलं की ही आयरिसच आहे. २००५ साली नाव बदललं. आता आयरिस डोमेस्टिका."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांच्यातला हिशेब विभाग जागा झाला. "२००५? म्हणजे मी नोकरीत असतानाच? आम्हाला काही कळवलं नाही कुणी."

"आणि दाढी?" त्यांनी शेवटचा आक्षेप घेतला. "हिला दाढी कुठाय?"

"सगळ्यांना नसते, आजोबा. बिनदाढीच्या पुष्कळ आहेत."

काकूंनी तोंडातला चिमटा काढला. "डोमेस्टिका म्हणजे काय गं?"

"घरगुती. घरची."

यानंतर गच्चीवर जी शांतता पसरली, तिच्यात टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी उशीचा अभ्रा झटकला, दोरीवर टाकला आणि त्याला दोन चिमटे लावले. एरवी एक लावतात.

नातीला परिस्थितीचा अंदाज आला असावा. ती घाईनं म्हणाली, "तो डोमेस्टिका शब्द लिनियसनं १७५३ साली वापरलाय. आणि त्याला तर हे ऑर्किड वाटलं होतं!"

अण्णांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. लिनियसचंही चुकलं होतं, म्हणजे आपण अगदीच वाईट संगतीत नव्हतो. ते टाकीपाशी गेले. गंजलेल्या डब्यासमोर उभे राहिले. भिंग काढून एक फूल पाहिलं, दुसरं पाहिलं, ठिपके मोजले. आकाशाकडे नजर टाकली. तळजाईच्या बाजूनं पुन्हा एक काळा ढग येत होता. पहिला थेंब पडला तसा त्यांनी सवयीनं काखेतल्या छत्रीचा खटका दाबला आणि ती डब्यावर धरली.

"मिटा ती," काकू म्हणाल्या. "ती कुठंही येते."

अण्णांनी छत्री मिटली. खाली उतरताना मी त्यांच्या मागून होतो. दारातच त्यांनी वही घेतली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या नोंद केली. ती मी खांद्यावरून वाचली:

"१७ ऑगस्ट. आयरिस (घरगुती). फुले ४, कळ्या ७. थंडीचे तास: ०. छत्री: नाही. फ्रीज: नाही. शेरा:"

शेऱ्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, "सौ.कडून लेखी माहिती मागवावी."